गाठी मारलेल्या वायरी

पुण्यात माणसाला उभं राहायला जागा मिळत नाही, तिथे बंद पडलेल्या गाडीला कोण देणार? वारज्याच्या त्या सोसायटीने जयावहिनींना लेखी नोटीस दिली होती. पार्किंगमधली फियाट ‘चालू स्थितीत’ नसल्यास एकतीस डिसेंबरच्या आत हलवावी. खाली ‘आपला विश्वासू’ म्हणून सेक्रेटरीची सही. या विश्वासू माणसाच्या स्वतःच्या दोन गाड्या रोज फाटकाबाहेर रस्ता अडवून उभ्या असतात, पण ते जाऊ द्या.

वहिनी भंगारवाल्याशी बोलल्या आहेत, ही बातमी संजयला खडकीच्या विहारात कळली. रात्रभर त्याला काही सुचलं नाही. सकाळी उठून तो न बोलावता वारज्याला जाऊन थडकला. वहिनींनी दार उघडलं, आत घेतलं, पाणी दिलं. सत्तावीस वर्षांनी दोघं समोरासमोर बसले होते. वहिनींचा नवरा भीमराव गेला तेव्हा अंत्ययात्रेला संजय गेला होता, नाही असं नाही, पण अगदी शेवटी, चप्पल हातात धरून उभं राहावं तसा. वहिनींनी त्याला पाहिलंही नसेल.

“वहिनी, गाडी मी चालू करून देतो,” तो म्हणाला.

“जमेल का तुम्हाला?”

“चाळीस वर्षं दुसरं केलंय काय मी?”

“ते माहीत आहे मला,” वहिनी म्हणाल्या, आणि ज्या सुरात म्हणाल्या त्याने संजयचे कान गरम झाले. मग त्यांनी किल्ली आणून त्याच्यासमोर ठेवली. “पंचवीस डिसेंबरला देहूरोडला न्याल मला तिच्यातून? हे असताना एकही वर्ष चुकलं नव्हतं. गेली दोन वर्षं कल्याणीबरोबर रिक्षाने गेले. नेलंत तर गाडी राहील. नाहीतर सव्वीसला भंगारवाला येतोय.”

देहूरोडच्या विहारात बाबासाहेबांनी स्वतः बुद्धमूर्ती बसवली, तो दिवस पंचवीस डिसेंबरचा. खडकीतली कितीतरी घरं त्या दिवशी तिकडे जातात. कुणी लोकलने जातं, कुणी टेम्पोने. भीमराव जायचा तो क्रीम रंगाच्या, एकोणसत्तर सालच्या फियाटमधून, शेजारी वहिनी, मागे लेक कल्याणी आणि तिच्या वयाची गल्लीतली सहा-सात पोरं कोंबून. संजय आपल्या दुकानाच्या पायरीवरून बघायचा. बघायचा आणि आत वळायचा.

एके काळी ते दुकान दोघांचं होतं.

भीमराव आणि संजय एकाच वस्तीतले, एकाच बाकावरचे. दोघांचे वडील दारूगोळ्याच्या कारखान्यात. भीमरावलाही तिथलाच कॉल आला होता, पेढे वाटून झाले होते, आणि मेडिकलला गेलेला हा पठ्ठ्या हात हलवत परत आला. काय झालं म्हणून विचारलं तर म्हणाला, “छाती एक इंच कमी पडली.” असली आडदांड छाती वस्तीत दुसऱ्या कुणाची नव्हती. सगळे हसले, तोही हसला, आणि विषय संपला.

मग चौऱ्याऐंशी साली दोघांनी खडकी बाजारात मोटारींच्या वायरिंगचं दुकान टाकलं. काय दिवस होते ते! भीमराव डॅशबोर्डखाली उताणा, फक्त पाय बाहेर, आणि संजय दारापाशी वायरींची वेटोळी घेऊन. “पिवळी दे.” दिली. “आता हिरवी.” दिली. “बांगड्या घालून आलायस का, लवकर दे!” संजय शिव्या घालायचा आणि द्यायचा. जोडाला कथलाचा डाग मारावा तो भीमरावनेच. जोड असा चकचकीत की वर टेप लावायला जीव होऊ नये. डायनमो कानाशी धरून फिरवायचा आणि सांगायचा, बेअरिंग गेलंय, ब्रश मात्र ठीक आहेत. उघडल्यावर तसंच निघायचं. मिलिटरीचे साहेबसुद्धा जीप घेऊन त्यांच्याकडे यायचे. दुपारी दोघं एकाच डब्यात जेवायचे, समोरच्या आनंदीबाईंच्या टपरीवरून कटिंग यायचं, आणि वाद चालायचे. भीमरावचा डायनमोवर फार जीव. “आल्टरनेटर म्हणजे बंद डबा. आत काय चाललंय ते बाहेर सांगत नाही,” असं म्हणायचा.

चौदा वर्षं असं चाललं, आणि मग संजयने डोक्यात राख घालून घेतली. कुणीतरी त्याला चिडवलं होतं, की तू काय भीमरावचा हरकाम्या आहेस का, नुसत्या वायरी पुरवतोस. झालं. दुकानात आल्या आल्या त्याने जाहीर केलं, “उद्यापासून ज्याची गाडी त्याने बघायची. मी काही तुझ्या हातात वायरी द्यायला जन्माला आलो नाही.” भीमराव काहीतरी बोलायला गेला, पण संजय ऐकतोय कुठे.

तिसऱ्या दिवशी भीमरावने वायरिंग केलेली एक मॅटाडोर दुकानासमोरच पेटली. लग्नाचं वऱ्हाड न्यायला निघाली होती. कुणाला इजा झाली नाही, वाळूच्या बादल्यांनी विझवली, पण सगळं वायरिंग जळून कोळसा. संजयने उघडून बघितलं तर शाळेतल्या पोरानेही करू नये अशी चूक. लाल जिथे हवी तिथे हिरवी, हिरवी जिथे हवी तिथे लाल. त्याचा तोल गेला. भर बाजारात, शंभर माणसांसमोर तो ओरडला, “दारू पिऊन कामाला येतोस काय रे?”

आता हे कुणाला म्हणाला, तर ज्याने उभ्या आयुष्यात थेंबाला हात लावला नाही, जो दर पौर्णिमेला विहारात पंचशील म्हणताना दारू न पिण्याच्या पाचव्या शीलावर आवाज चढवायचा, त्याला. संजयला हे ठाऊक नव्हतं? चांगलं ठाऊक होतं. रागाच्या भरात जिभेवर जे सगळ्यांत जास्त लागेल ते येतं, तेच आलं. भीमरावने स्क्रू ड्रायव्हर खिशात घातला आणि चालू लागला. नंतर त्याने घराच्या मागे पत्रे टाकून स्वतःचं काम सुरू केलं, आणि मरेपर्यंत संजयशी बोलला नाही. संजयही बोलायला गेला नाही. माफी मागायची तर आधी आपण खोटं बोललो हे मान्य करायला हवं, आणि मॅटाडोर तर खरोखरच जळाली होती. या एका सबबीवर त्याने सत्तावीस वर्षं काढली. आता मात्र ही एक गाडी चालू झाली नाही, तर भीमरावसाठी करण्यासारखं काही उरणारच नव्हतं.

गाडी बघितली आणि त्याला हायसं वाटलं. इंजिन ठणठणीत. गंज थोडा, टायर बसलेले. मुख्य रोग एकच, डायनमो कामातून गेला होता. आणि गेला नसता तरी आजच्या पुण्यात त्याचा निभाव लागणं कठीण होतं. डायनमो गाडी पळतानाच बॅटरी चार्ज करतो. सिग्नलला उभं राहिलं की दिवे मंदावतात, हॉर्न घसा बसल्यासारखा बोलतो. विद्यापीठ चौकात अर्धा तास उभं राहायचं म्हटलं की बॅटरीने राम म्हटलाच. गाडी उभी असतानाही बॅटरी चार्ज करणारा आल्टरनेटर बसवणं भाग होतं. “माफ कर बाबा,” संजय बॉनेटला म्हणाला, “तुझा बंद डबाच घालतोय.”

कल्याणी बँकेत मोठी अधिकारी. तिने फोनवर परदेशी किटची लिंक पाठवली. हुबेहूब जुन्या डायनमोसारखा दिसणारा, आत आल्टरनेटर, यायला सहा आठवडे. संजयकडे सोळा दिवस होते. नाना पेठेतल्या दुकानदाराने त्याच्यासमोर कुठल्यातरी धटिंगण जीपचा आल्टरनेटर आपटला. “काका, नव्वद अँपिअर! एसी लावा, टेप लावा!”

“फियाटला लावू की फियाट त्याला लावू?” संजयने विचारलं. एवढा मोठा आल्टरनेटर फिरवताना तो जुना एकेरी पट्टा घसरून किंचाळत बसला असता, आणि तेवढा करंट त्या वायरींना झेपलाही नसता. साध्या दिव्यांना, वायपरला आणि हॉर्नला पस्तीस-चाळीस अँपिअर म्हणजे डोक्यावरून पाणी.

शेवटी रविवारी तो जुन्या बाजारात गेला. ताडपत्रीवर मारुती आठशेचे चार आल्टरनेटर पडले होते. लहान, हलके, चार्जिंग आवरणारा रेग्युलेटर आतच. त्याने एकेक उचलून कानाशी धरला आणि पुली फिरवली. दोन खरखरले. तिसऱ्याचा त्याने वास घेतला, तर आत जळकं वार्निश. चौथा गुमान फिरला, वासही स्वच्छ. फिरवता फिरवता त्याच्या लक्षात आलं, की कानाशी धरायची ही लकब आपली नाहीच. त्याला एकदम भरून आलं. विकणारा म्हणाला, “चाचा, रडताय काय, चालू माल आहे!”

ब्रॅकेट त्याने खडकीतच एका लेथवाल्याकडून करून घेतला, डायनमोची पुली काढून आल्टरनेटरला चढवली, पट्टा सरळ रेषेत आला का ते दोरी लावून तीनदा बघितलं. मग वायरिंगला हात घातला, आणि कपाळावर हात मारला.

काय हा गोंधळ! हेडलाइटला हिरवी, हॉर्नला निळी, ब्रेकच्या दिव्याला पांढरी, एकाच दिव्याच्या दोन टोकांना दोन रंग. हे सगळं वायरिंग भीमरावने दुकान सोडल्यावर नव्याने केलेलं दिसत होतं. “मॅटाडोरनंतरही सुधारला नाहीस,” संजय पुटपुटला, आणि खरं सांगायचं तर त्याला जरा बरंही वाटलं. सत्तावीस वर्षांपूर्वी आपण अगदीच चुकलो नव्हतो, असं काहीतरी. म्हणून असेल, किंवा चाळीस वर्षांचा माज असेल, त्याने तपासणीचा दिवा लावून वायरी पाहिल्या नाहीत. डायनमोकडे एक जाड लाल वायर आलेली होती. लाल म्हणजे बॅटरीची प्लस, त्यात बघायचं काय? ती त्याने आल्टरनेटरच्या मोठ्या बोल्टला लावली, तिथूनच बॅटरीला नवी वायर टाकली आणि बॅटरीचं टर्मिनल आवळलं.

दुसऱ्या क्षणाला लाल वायरीवर फोड आले. धूर, रबराचा घाण वास, सोसायटीचा वॉचमन शिट्टी फुंकत धावतोय. संजयने टर्मिनल उपटून काढलं तेव्हा तळहात भाजला होता. ती लाल वायर प्लस नव्हतीच. तिचं दुसरं टोक गाडीच्या बॉडीला, म्हणजे मायनसला होतं.

वरून सेक्रेटरी डोकावला. “आग लावताय का? पार्किंग आहे हे, स्मशान नाही!”

“तुमच्या दोन गाड्या आत असत्या तर काळजी केली असती,” संजय म्हणाला. गाडी पेटली असती तर वहिनींना काय तोंड दाखवलं असतं?

आल्टरनेटर वाचला होता, एक वायर गेली होती. ती काढायला तो डॅशबोर्डखाली शिरला, भीमराव शिरायचा तसा उताणा. खाली काही दिसत नव्हतं म्हणून तो बोटांनी चाचपत गेला, आणि वायरीच्या टोकाशी बोटाला काहीतरी लागलं. दोरा. वर मेण चोळलेला पांढरा दोरा घट्ट गुंडाळून त्यावर एक गाठ. शेजारच्या वायरीवर दोन गाठी. तिच्या पलीकडे तीन.

तो बाहेर आला आणि इंजिनाकडची टोकं बघू लागला. तिथेही तसेच दोरे, तेलाने काळे पडलेले. टेस्ट लॅम्प घेऊन त्याने आता एकेक वायर तपासली. एक गाठ म्हणजे बॉडी. दोन गाठी म्हणजे बॅटरी. तीन म्हणजे हेडलाइट, चार हॉर्न. रंग कुठलाही असो, या टोकाला जितक्या गाठी तितक्याच त्या टोकाला. एकही चूक नाही. आणि प्रत्येक जोडाला तोच चकचकीत डाग. संजय जिन्याच्या पायरीवर बसून राहिला. दारू प्यायलेल्या माणसाचं हे काम नव्हतं, निष्काळजी माणसाचं तर नव्हतंच. मग रंगांचं असं का?

वहिनी चहा घेऊन खाली आल्या. त्याचा भाजलेला हात बघून परत गेल्या, हळद आणि तूप घेऊन आल्या.

“वहिनी, हे दोरे भीमरावने बांधलेत?”

“मी बांधलेत,” वहिनी म्हणाल्या. “पायाजवळ बसून. हे सांगायचे, मी गाठी मारायची.”

“पण गाठी कशाला? रंग आहेत की वायरींना.”

वहिनींनी हळद लावायची थांबवली. “तुम्हाला अजून कळलंच नाही का, भाऊजी? यांना रंग दिसायचे नाहीत. लाल, हिरवं, मातकट, सगळं एकच. सिग्नलला वरचा दिवा लागला की थांबायचे, खालचा लागला की निघायचे. कारखान्याच्या मेडिकलला ठिपक्यांचं पुस्तक दाखवलं, त्यातला एकही आकडा वाचता आला नाही. तेव्हापासून झाकून ठेवलं. वायरमनला रंग दिसत नाहीत म्हटल्यावर गाडी कोण देणार हातात?”

पिवळी दे. आता हिरवी. चौदा वर्षं तो स्वतःला हरकाम्या समजत होता, आणि चौदा वर्षं तो भीमरावचे डोळे होता. आणि उद्यापासून ज्याची गाडी त्याने बघायची, हे कोण म्हणालं होतं? मॅटाडोर कुणी पेटवली मग?

“मला सांगायचं ना त्याने! मी काय कुणाला सांगत सुटलो असतो?”

“सांगणारच होते. गाडी जळली त्याच दिवशी सांगणार होते. पण तुम्ही आधीच दारूचं बोललात.” वहिनी त्याच्याकडे बघत नव्हत्या. “रात्री घरी आले तेव्हा म्हणाले, आता सांगितलं तर संजयला सबब वाटेल. मी म्हटलं, निदान मी तरी तुम्हाला रंग सांगत जाईन. तर नको म्हणाले. रंगासाठी पुन्हा दुसऱ्याच्या तोंडाकडे बघावं लागतं, गाठी आपल्या हाताला कळतात.”

संजय ढसाढसा रडला. पासष्ट वर्षांचा माणूस, सोसायटीच्या पार्किंगमध्ये, वॉचमनसमोर. वहिनींनी त्याला रडू दिलं, आणि मग चहा गार होतोय म्हणून सांगितलं.

पुढचं काम त्याने रंगाकडे न बघता केलं. दोन गाठींची वायर आल्टरनेटरवरून बॅटरीला, मध्ये नवा फ्यूज. एक गाठ बॉडीला. पातळ वायर डॅशबोर्डमधल्या चार्जिंगच्या लाल दिव्याला, कारण तो बल्ब नसेल तर आल्टरनेटर जागाच होत नाही. जुना रेग्युलेटर त्याने काढला नाही, नुसता शोभेला ठेवला. नवीन टाकलेल्या वायरींवर गाठी मारायला वहिनी चष्मा लावून शेजारी बसल्या. बावीस डिसेंबरला किल्ली फिरवली. लाल दिवा लागला, इंजिन दोनदा खोकून सुरू झालं आणि दिवा विझला. वर सेक्रेटरीने खिडकी लावून घेतली.

पंचवीसच्या सकाळी वहिनी पांढरी साडी नेसून पुढे बसल्या, मागे फुलं आणि मेणबत्त्या. विद्यापीठ चौकात त्यांची गाडी वीस मिनिटं अडकली, पण दिवे मंदावले नाहीत की हॉर्न बसला नाही. खडकी बाजाराशी आल्यावर मात्र संजयने मुंबई रस्ता सोडून गाडी आत घेतली.

“इकडे कुठे?” वहिनींनी विचारलं.

“पाच मिनिटांचं काम आहे.”

त्यांच्या दुकानाच्या जागी आता चष्म्यांचं दुकान होतं. समोर टपरीच्या जागी मोबाइलच्या कव्हरांचं, आणि त्याच्या दारात खुर्ची टाकून आनंदीबाई बसल्या होत्या, ऐंशीच्या पुढच्या, पण नजर शाबूत. बाजार सुट्टीचा, माणूस मावत नव्हता. संजय रस्त्याच्या मधोमध गाडी थांबवून उतरला. मागून हॉर्न सुरू झाले. तो आनंदीबाईंपुढे उभा राहिला आणि जेवढ्या मोठ्याने तेव्हा ओरडला होता तेवढ्याच मोठ्याने म्हणाला, “आनंदीबाई, त्या दिवशी भीमराव प्यायला नव्हता! मी खोटं बोललो होतो!”

कव्हरं बघणारी पोरं वळून बघू लागली. त्यांतलं कुणी तेव्हा जन्मालाही आलेलं नव्हतं.

“हे आम्हाला काय सांगताय?” आनंदीबाई म्हणाल्या. “आम्हाला का माहीत नव्हतं? अख्ख्या बाजारात कुणालाही ते खरं वाटलं नाही. तुमचं दुकान उठेपर्यंत दर शनिवारी भीमराव माझ्याकडे चहाला यायचा. तिकडे पाठ करून बसायचा. मी म्हणायची, अरे चार पावलांवर आहे तो, जा की. तर म्हणायचा, त्याने हाक मारली तर जाईन.”

संजयने ती पाठ पाहिली होती. शेकडो शनिवार पाहिली होती. मुद्दाम खिजवायला येऊन बसतो, असं म्हणून दर वेळी दात ओठ खाल्ले होते.

हॉर्नचा गोंगाट वाढत होता. वहिनी दार उघडून खाली उतरल्या, त्याच्याजवळ आल्या आणि त्याच्या दंडाला धरलं.

“चला भाऊजी,” त्या म्हणाल्या. “वाट अडलीय लोकांची.”

“वहिनी, चार पावलं होती हो,” संजय म्हणाला. “नुसती चार पावलं.”

“हो,” वहिनी म्हणाल्या. “मोजली होती त्यांनी.”